सुलोचना सिस्टरांचे दोन महिने

निवृत्त झाल्या त्या दुपारी सुलोचना सिस्टर रिक्षातून उतरल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात काचेची फ्रेम घातलेलं मानपत्र, आणि अंगावरची शाल घसरून रिक्षाच्या दांडीत अडकली होती. मे महिन्याचा शेवटचा दिवस. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं आणि चप्पल न घालताच धावले. पाय चांगलेच भाजले. शाल सोडवली, मानपत्र हातात घेतलं.

"जपून धरा वैनी," त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षांचं वजन हाय त्यात."

त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. मध्ये कमरेएवढी भिंत. कुलूप उघडून त्या आत गेल्या, नारळ देवापुढे ठेवला, आणि पाणीही न पिता टेबलावरचं गजराचं घड्याळ उचललं. त्यातले सेल काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग खुर्चीत बसल्या. पंधरा वर्षांच्या शेजारात त्यांना पाठ टेकून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"आता काय करणार, सिस्टर?" मी विचारलं. निवृत्त माणसाला सगळेच विचारतात.

बहुतेकांकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. मी सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्याकडचे लोक निवृत्त होताना 'बघू, नातवंडं आहेत, देवदर्शन आहे' असं काहीतरी पुटपुटायचे. सिस्टरांचं उत्तर मात्र तयार होतं.

"चहा गरम प्यायचा. बसून जेवायचं. आणि घटस्थापनेला वैरागला जायचं ते कायमचं. अक्का वाट बघतीय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, पारूअक्का. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि अक्का माहेरी वैरागला परत आली. तेव्हापासून वडिलांची दीड एकर जमीन तीच कसत होती. धाकटीला नर्सिंगच्या शिक्षणाला तिनंच पाठवलं. दरवर्षी एस.टी.नं ज्वारीचं पोतं आणि शेंगा यायच्या, त्यातली एक पिशवी भिंतीवरून आमच्याकडे. सिस्टर दवाखान्यात, घरात, आमच्याशी तशी शहरातली भाषा बोलत. पण अक्काचा फोन आला की आवाज चढायचा आणि भाषा गावाकडं जायची. "व्हय अक्का, जेवले की. न्हाय न्हाय, लई काम व्हतं." निवृत्तीनंतर ती गावाकडची भाषा त्यांच्या बाकीच्या बोलण्यातही झिरपायला लागली.

"मी सतराव्या वर्षी गाव सोडलं," त्या म्हणाल्या. "तवापासनं एक पीक पेरणीपासून काढणीपर्यंत सलग बघितलेलं न्हाय. सुट्टीत जायचं तर कधी नुसतं उगवलेलं दिसायचं, कधी निस्ता कडबा. मधलं सगळं अक्कानं फोनवर सांगितलेलं. एक हंगाम पुरता बघायचाय मला."

सिस्टरांचं सगळं चरित्र मला माहीत नाही. लग्न झालं होतं, मोडलं होतं. त्याबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "ते प्रकरण डिस्चार्ज झालं." त्यापुढे विचारायची सोय नसे. सरकारी दवाखान्यात त्या इन्चार्ज सिस्टर होत्या आणि दवाखान्याचं बोलणं त्यांच्या जिभेवर कायमचं बसलं होतं. पाणी चार दिवसांनी आलं की "आज सलाईन चालू झालं" म्हणायच्या. भांडकुदळ शेजाऱ्याला "क्रॉनिक केस" म्हणायच्या. जेवायच्या ओट्याशी उभ्यानं, ताटलीसुद्धा हातात धरून, कान दरवाज्याकडे. चहा करून ठेवायच्या आणि विसरायच्या, मग गार झालेला एका घोटात संपवायच्या. चादर अशी खोचायच्या की तिच्यावरून रुपया उडाला असता. एकदा आमच्याकडे दिवाळीला पाहुणे होते, तर बोलता बोलता त्यांनी आमच्या दिवाणाची चादर काढून पुन्हा नीट घातली, त्यावर बसलेल्या माझ्या मावसदिराला उठवून.

गल्लीला वाटलं, सिस्टर रिकाम्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून लोक रक्तदाब तपासायला यायला लागले. कुणाचं इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणाला रिपोर्ट वाचून हवा. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग दारावर कागद लागला: 'बीपी फक्त मंगळवारी, ९ ते १०. इंजेक्शन देत नाही.' पलीकडच्या बंगल्यातले एक वजनदार गृहस्थ बुधवारी आले. शब्दशः वजनदार आणि एरवीही. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते.

"सिस्टर, जरा अस्वस्थ वाटतंय."

"छातीत दुखतंय?"

"नाही, तसं नाही."

"घाम? चक्कर?"

"नाही, असंच आपलं."

"मग मंगळवारी या. आणि दुखायला लागलं तर माझ्याकडं येऊ नका, दवाखान्यात जा."

त्या गृहस्थांना तोंडावर नाही म्हणणारी बाई गल्लीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी हसले. सिस्टरांना आता कुणी गुंडाळू शकणार नाही, असं मला वाटलं होतं. ते काम पुढे मीच केलं.

त्यांच्या वॉर्डातली एक सवय इथेच सांगायला हवी. माझे वडील त्यांच्याच वॉर्डात गेले. शेवटच्या दिवशी मी खाटेपाशी रडत होते. सिस्टर आल्या, हातात ओला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "रडायचं ते रडा, पण कपाळ पुसत रडा." मग जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही वेळेत आणलं हो. तुमच्याकडनं काही कमी झालं नाही." त्या वाक्यावर मी कित्येक महिने जगले. पुढे शेजारी म्हणून राहायला आल्यावर एकदा गप्पांत कळलं, त्या हे सगळ्यांनाच सांगत. उशिरा आणलेल्यांनासुद्धा. मी म्हटलं, "म्हणजे आम्हीही उशीर केला होता?" त्यांनी भाजी निवडायची थांबवली नाही. "उशीर झाला म्हणून सांगितल्यावर पेशंट उठून बसतो का, वैनी? मग कशाला सांगायचं?"

त्या वर्षी गौरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझा नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री येऊन रविवारी रात्री परत. मुलगा हैदराबादला शिकत होता. सिस्टर भिंत ओलांडून आल्या, हो, अठ्ठावन्नाव्या वर्षी साडी खोचून ओलांडून आल्या. त्यांनीच गाडी बोलावली, त्यांनीच दवाखान्यात कुणाकुणाला फोन लावले. बारा दिवसांनी आम्ही सासूबाईंना घरी आणलं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा आदेश आला. वीस वर्षं वाट पाहिली होती मी त्याची. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत. नाही म्हटलं असतं तर पुन्हा यादीत शेवटी.

सिस्टरांच्या घरात तेव्हा खोकी बांधलेली होती. घटस्थापना आठवड्यावर आली होती. मी गेले, त्या खोक्यावर नाव लिहीत होत्या. 'भांडी, वैराग.'

"सिस्टर, फक्त दोन महिने," मी म्हटलं. "कुणीतरी बाई मिळेपर्यंत. मी शोधते आहेच."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"पेरणी हाय," त्या म्हणाल्या.

"दोन महिन्यांत काय, पीक उभंच असेल. पुढचं सगळं बघता येईल तुम्हाला."

शेतीतलं मला काहीही कळत नव्हतं. पण बोलताना आवाज असा लागला, की जणू हिशोब करून सांगते आहे. त्यांनी अक्काला फोन लावला. "अक्का, दोन म्हैने थांबते गं. हितं शेजारी पेशंट हाय." पलीकडून अक्का काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. सिस्टर फक्त "व्हय, व्हय" म्हणाल्या.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सासूबाईंनी पंधरा वर्षांत सिस्टरांना आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्यांच्यासाठी कपसुद्धा वेगळा होता, निळ्या फुलांचा. सिस्टरांना ते कळत होतं. मला, माझ्या नवऱ्यालाही कळत होतं, आणि आम्ही कधी एक शब्द बोललो नव्हतो. म्हाताऱ्या माणसाला कोण शिकवणार, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो. पहिल्या दिवशी सिस्टर मऊ भात घेऊन बसल्या, तेव्हा सासूबाईंनी तोंड गच्च मिटलं. चालत होती ती डावी बाजू सगळी त्या मिटण्यात लावली. मी दारात उभी. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, तुमच्या देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही भात खा." अर्ध्या तासानं सासूबाईंनी पहिला घास घेतला. मी नवी पर्स खांद्याला लावून नव्या खुर्चीवर बसायला गेले.

सिस्टरांनी आमचं घर वॉर्ड करून टाकलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, तेल लावायचं, बोटं एकेक करून उघडायची. तीन आठवड्यांत सासूबाईंचं उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट हललं. सिस्टरांनी मला कचेरीत फोन करून सांगितलं, मूल चालायला लागल्यासारखं.

नरसम्मा त्याच सुमारास आली. सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या पद्मशाली घरातली बाई, पन्नाशीची. नवरा कामाला जायचा तो कारखाना बंद पडला होता. तिनं स्वतःच्या सासूचं पाच वर्षं अंथरुणात केलं होतं. कचेरीतल्या शिपायानं पाठवली. त्या दिवशी मी सुट्टीवर होते आणि सिस्टर त्यांच्या घरी आंघोळीला गेल्या होत्या.

"मॅडम, म्हातारी माणूस हाय म्हणं. मी करते की सगळं. सकाळी येते, संध्याकाळपर्यंत राहते."

मी तिला आत घेतलं नाही. दारातच बोलले. बाई चांगली होती. हात स्वच्छ, बोलणं मऊ, डोळ्यांत घाई नव्हती. हीच बाई मी शोधत असल्याचं सगळ्यांना सांगत होते. आणि तिच्याकडे बघताना माझ्या मनात आलं, हिला ठेवलं तर मला दिवसातून चार वेळा फोन करावा लागेल. गोळी दिली का, पडल्या तर नाहीत ना. सिस्टर असल्या की मी दार ओढून घेतलं की घर विसरायची. गेल्या वीस वर्षांत मी घर असं विसरले नव्हते.

"आता गरज नाही," मी तिला म्हटलं. "मिळालं आम्हाला माणूस."

तिनं मान हलवली आणि ती गेली. सिस्टर आंघोळ करून आल्या. मी काही बोलले नाही.

दोन महिने कार्तिकात संपले. त्याच आठवड्यात पारूअक्का आली. वैराग-सोलापूर एस.टी.तून उतरून, पत्ता विचारत, डोक्यावर पिशवी. मी तिला प्रथमच पाहत होते. सिस्टरांचंच तोंड, पण उन्हानं करपलेलं, आणि उंचीनं हातभर कमी. ती आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसली. आतल्या खोलीत सिस्टर सासूबाईंना पुसून घेत होत्या. दार अर्धं उघडं होतं. अक्का बराच वेळ आत बघत राहिली.

"न्यायला आलते," ती हळूच मला म्हणाली. "पर हिचा हात बगून म्हटलं, म्हातारीला असं अर्ध्यात कसं सोडायचं. तुमी माणूस बगताय न्हवं?"

"बघतोय ना," मी म्हटलं. "रोज विचारते कुणा ना कुणाला. मिळतच नाही हो कुणी. मिळालं की त्याच दिवशी पाठवते सिस्टरांना."

ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचाच होता, त्यामुळे फार काही करावं लागलं नाही.

"पीक चांगलं आलंय आवंदा," ती म्हणाली. "सुलीला दाखवायचं व्हतं. बरं, ऱ्हाऊ द्या. म्होरल्या साली." तिनं पिशवीतून शेंगांची चटणी आणि भाकरीचं पीठ काढून दिलं, बहिणीला भेटली, आणि तिसऱ्या प्रहरच्या एस.टी.नं परत गेली. मी तिला जेवून जा म्हटलं होतं. ती म्हणाली, शेतात कुणी न्हाय.

पुढच्या वर्षीची पेरणीही अक्कानं एकटीनंच केली. मी अधूनमधून म्हणायची, "सिस्टर, तुम्ही चार दिवस जाऊन या ना." त्या दोन दिवस जायच्या आणि तिसऱ्या दिवशी परत. सासूबाई त्या दोन दिवसांत कुणाच्या हातचं खात नसत. एव्हाना निळ्या फुलांचा कप कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं. सासूबाईंना बोलता यायचं नाही, पण सिस्टर दिसल्या नाहीत की त्या डाव्या हातानं पलंगाची दांडी वाजवत. एक दिवस सिस्टर मला म्हणाल्या, "माझं रिटायरमेंट तुमच्या घरात ॲडमिट झालं बघा, वैनी." हसत म्हणाल्या. मीही हसले. हसले नसते तर काहीतरी करावं लागलं असतं.

संक्रांतीच्या सुमारास वैरागहून फोन आला. शेजारच्या शेतातल्या माणसाचा. अक्का सकाळी शेतात गेली होती, दुपारी बांधावर बसलेली सापडली. बसलेलीच. सिस्टर आमच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी फोन ठेवला, गॅस बंद केला, सासूबाईंच्या औषधाच्या डब्यावर बोट ठेवून मला कुठली गोळी किती वाजता ते सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग भिंतीला धरून खाली बसल्या.

मी वैरागला गेले नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीत तपासणी होती. नवरा तेवढा वैरागला जाऊन आला.

मला वाटलं, सिस्टर आता येणार नाहीत. येऊ नयेत, असंही वाटलं. त्यामुळे मला माझी शिक्षा मिळाली असती आणि मी मोकळी झाले असते. त्या चौदाव्या दिवशी आल्या. पिशवी घरात ठेवली, हातपाय धुतले आणि आमच्याकडे येऊन सासूबाईंची कूस बदलली. पाठीवर जखम व्हायला आली होती, तेवढं मला दाखवलं.

अडीच महिन्यांनी, पाडव्याच्या आदल्या दिवशी सासूबाई गेल्या. सिस्टरांचा हात त्यांच्या हातात होता. दिवसकार्य झालं, त्यानंतरच्या सोमवारी गल्लीत टेम्पो आला. खोकी तीच होती, दीड वर्षापूर्वीचं नाव लिहिलेली. मी मदतीला गेले. "तुम्ही राहू द्या वैनी, ऑफिस हाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता का, मी पुष्कळ वेळा विचार केला. बहुधा नव्हता. मला खरोखरच ऑफिस होतं.

नंतरची चार वर्षं मी सणावाराला फोन करायची. 'बऱ्या आहात ना', 'बरी हाय की', एवढंच. वैराग एस.टी.नं दीड तासाच्या आत. मी गेले नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. शाल, नारळ, मानपत्र. घरी येऊन बसले आणि सगळे विचारायला लागले, आता काय करणार? मला उत्तर देता येईना. काहीही ठरवायला बसले की आधी सिस्टर समोर येऊन उभ्या राहायच्या. शेवटी माघ महिन्यात एके सकाळी सिस्टरांना फोन करून मी वैरागची गाडी पकडली. नरसम्माला दारातून परत पाठवल्याचं सांगायचं, अक्काशी खोटं बोलल्याचं सांगायचं, दोन्ही सांगायचं आणि त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, एवढं ठरवून.

सिस्टर स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. स्कूटीवर. त्रेसष्ट वर्षांची बाई, पदर कमरेला खोचलेला, डोळ्याला काळा गॉगल. मी बघतच राहिले.

"बसा," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, ब्रेक लागतो. कधीकधी."

"हे कधी शिकलात?"

"दोन वर्षं झाली. शेत लांब पडतं चालत. पोरींनी शिकवलं शाळेतल्या. तीनदा पडले." मग गाडी चालू करता करता म्हणाल्या, "अक्का असती तर मागं बसली असती. ओरडत बसली असती, पण बसली असती."

आम्ही शेतात गेलो. ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, काढणीला आठ-दहा दिवस. मी विचारलं, मग बघितला का पुरा हंगाम?

"पयल्या साली बघितला. रोज बघितला, सकाळ-संध्याकाळ. लई ग्वाड वाटलं." त्यांनी एक कणीस वाकवून पाहिलं. "दुसऱ्या सालापासनं ते काम झालं. पाखरं हाकलायची, मजूर बघायचे. पण करते. बाजारादिवशी बाजारात जाऊन बसते, कायबी घेत न्हाय, निस्ती बसते. ते मात्र झ्याक वाटतं."

बांधावर बाभळीखाली बसलो. त्यांनी भाकरी सोडली. मी हात लावायच्या आत सांगून टाकलं. नरसम्माचं. तारीखवार, ती काय म्हणाली, मी काय म्हटलं, का म्हटलं, सगळं.

सिस्टर भाकरी मोडत होत्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ती आधी माझ्याच दारात आलती. पत्ता विचारत. मी आंघोळीला निघालते, मीच तुमचं दार दाखवलं. परत जाताना पाणी प्यायली. म्हणाली, मॅडम म्हणत्यात, गरज न्हाय."

समोरच्या शेतात कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? का राहिलात?"

"खरं सांगू? बरं वाटलं मला." त्यांनी चटणी माझ्या भाकरीवर ठेवली. "हितं यायची भीती वाटायची, वैनी. बोलायला सोपं हाय, एक हंगाम बघायचाय. पण सकाळी उठायचं आणि कुणाचं काय करायचं न्हाय, असा दिवस मी कधी काढलाच न्हवता. पेशंट हाय म्हटलं की सगळं ठरलेलं असतंय. अक्का विचारायची कवा येतीस, मी तुमच्या सासूकडं बोट दाखवायची. तेव्हा तुमी त्या बाईचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडनं काय कमी झालं न्हाय."

ते शेवटचं वाक्य मी आधी ऐकलं होतं. वडिलांच्या खाटेपाशी. सिस्टरांनी मला मनातलं खरं सांगितलं, की नातेवाइकांना सांगतात ते सांगितलं, हे मला त्या बाभळीखाली कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. चौतीस वर्षं वॉर्डात घालवलेल्या बाईच्या तोंडावरून काय कळणार?

पण मला हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं, की दुसरी गोष्ट ओठांवरून परत गेली. अक्का खुर्चीच्या काठावर बसून मला काय विचारत होती आणि मी तिच्या डोळ्यांत बघून काय सांगितलं, ते. नरसम्माची गोष्ट सिस्टरांना माहीत होती. हे बोलणं फक्त माझ्यात आणि अक्कात झालं होतं. मी भाकरी खाल्ली. चांगली लागली.

"तुमचं काय ठरलंय आता?" सिस्टरांनी विचारलं.

"काहीच नाही अजून."

"ठरवा. तुमी न्हाय ठरवलं तर कुणीतरी ठरवून देतंय." एवढं बोलून त्यांनी डबा बांधला.

दुपारी त्यांनी मला स्टँडवर सोडलं. सोलापूरची गाडी लागलेलीच होती. त्या माझ्याआधी आत चढल्या, एका माणसाला सरकवून मला खिडकीची जागा मिळवून दिली, कंडक्टरला "आमच्या पावण्या हायत" म्हणून बजावलं आणि खाली उतरल्या. मी खिडकीतून त्यांचा हात धरला.

"सिस्टर, अजून एक सांगायचं होतं."

"काय?"

गाडी चालू झाली होती. सगळी थरथरत होती. त्या वर बघत होत्या, गॉगल कपाळावर सरकवून. मला वाटतं, पाच-सहा सेकंद तरी त्या तशा थांबल्या.

"पुढच्या वेळी सांगते," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. माझा हात सोडला. गॉगल खाली ओढला, स्कूटी वळवली आणि निघाल्या. दोन्ही पाय जमिनीला लागतील न लागतील असे बाजूला धरलेले, मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता आणि त्या त्याला बाजू देत नव्हत्या. मागची सीट मोकळी होती. बाजारपेठेच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या, आणि आमची गाडी त्यानंतरही बराच वेळ स्टँडवरच उभी होती.